पुस्तकाची चोरी आणि गौरीचा जीव

माझ्याविरुद्ध पोलिसांत आजवर एकच तक्रार झालेली आहे, आणि ती मी स्वतः जाऊन केलेली आहे.

तसं आमचं घर अगदी सरळमार्गी. आम्ही सावेडीत राहतो. ओला कचरा, सुका कचरा वेगळा टाकतो. आमचे हे, म्हणजे सुधीर, शाळेत भूगोल शिकवतात आणि मी घरी केक करून विकते. पोलीस आमच्या घरी आले ते फक्त एकदाच, पासपोर्टच्या चौकशीला. तेव्हा त्यांना मी पुडिंग खायला घातलं होतं आणि ते पुन्हा एकदा चौकशीला आले होते.

ते पुडिंग 'पुस्तका'तलं. आमच्या घरात 'पुस्तक' म्हटलं की एकच. (भूगोलाची पुस्तकं ह्यांची. ती माळ्यावर असतात.) लग्नानंतर लगेच एका प्रदर्शनात मी ते घेतलं. जाडजूड, रंगीत चित्रांचं, फक्त गोड पदार्थांचं. इतकी वर्षं वापरून त्याची अशी अवस्था झाली आहे की वाचायची गरजच पडत नाही, नुसतं हुंगलं तरी चालतं. कॅरॅमलच्या पानावर कॅरॅमल सांडलेलं, वेलदोड्याच्या पानाला वेलदोड्याचा वास. पुडिंगचं अर्धं पान एकदा मुंग्या घेऊन गेल्या. ह्यांचं म्हणणं, पुस्तक उकळलं तर चार माणसांचा नाश्ता होईल.

हे पुस्तक मी कुणालाही देत नाही. माझ्या नणंदेने, वंदनाताईंनी, एकदा फक्त झेरॉक्स काढायला मागितलं. मी सांगितलं, "वन्सं, मशीनचा उजेड बाधतो हो त्याला." त्यानंतर दोन दिवाळ्या त्या आमच्याकडे फक्त चिवडा खाऊन परत गेल्या.

त्या दिवशी मी पुस्तक स्कूटरच्या डिकीत घालून बाजारात गेले होते. कारण आमच्या सोसायटीच्या चेअरमनच्या मुलीचा दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता, आणि कॅरॅमल-अक्रोडाच्या तीनमजली केकची ऑर्डर माझ्याकडे होती. केकच्या सामानाच्या दुकानात जाताना मी पुस्तक सोबत नेतेच. दुकानदाराला चित्र दाखवलं की तो नेमका रंग काढून देतो. सामान घेतलं. पुस्तक, बदामाच्या आकाराचे रबरी साचे आणि अक्रोडाची पुडी डिकीत टाकली, किल्ली फिरवली. मग आठवलं की चांदीचे मणी राहिले. (केकवरचे. खरे चांदीचे परवडत असते तर केक कशाला केले असते?) परत दुकानात गेले, मणी घेतले, बाहेर आले, गाडीवर बसले आणि घरी आले.

वाटेत मला दोन-तीन गोष्टी जाणवल्या, हे मी कबूल करते. पेट्रोलचा काटा वर होता. आमच्या गाडीचा काटा मी वर गेलेला कधी पाहिलेला नाही. मला वाटत होतं तो तिथेच चिकटवून देतात. मला वाटलं, ह्यांनी भरलं असेल. डाव्या बाजूला आरसा होता. आमचा आरसा गेल्या गणपतीत तुटला होता. मला वाटलं, ह्यांनी बसवला असेल. एकाच दिवशी नवऱ्याने दोन कामं न सांगता केली, यावर माझा विश्वास बसला. इथेच खरं तर मला कुणीतरी थांबवायला हवं होतं.

घरी येऊन डिकी उघडली. पुस्तक नाही! साचे नाहीत, अक्रोड नाहीत. त्यांच्या जागी एक पिशवी. पिशवीत एक भलीमोठी इंजेक्शनची सुई, लांब रबरी नळी, काचेच्या दोन मोठ्या बाटल्या आणि प्लॅस्टिकचे हातमोजे. हातमोजे तरी कसले! बोटांपासून सुरू झाले ते खांद्यापर्यंत संपेनात.

"अहो!" मी ओरडले. "पुस्तक चोरलं कुणीतरी!"

हे वर्तमानपत्र घेऊनच बाहेर आले. "गाडी चोरली?"

"गाडी आहे हो! पुस्तक गेलं! आणि चोर आपलं सामान विसरून गेलाय!"

ह्यांनी एक हातमोजा दोन बोटांत धरून वर उचलला. तो बराच वेळ वर येतच राहिला. "खांद्यापर्यंत," हे गंभीरपणे म्हणाले. "बोटांचे ठसे राहू नयेत म्हणून."

"खांद्याचे पण ठसे असतात?"

"हल्ली विज्ञान खूप पुढे गेलंय."

मग ह्यांनी बाटली पाहिली. "यावर गाईचं चित्र आहे."

"आटवलेलं दूध असेल," मी म्हणाले. (दुःखात सुद्धा माझं डोकं धंद्यातच चालतं.)

"मोबाईलवर हजार रेसिप्या मिळतात गं. पुस्तकासाठी पोलिसांत कशाला जायचं?" ह्यांनी एवढं म्हटलं मात्र. मी ह्यांच्याकडे असं पाहिलं की हे चपला घालायला लागले.

आम्ही दोघं त्याच गाडीवर बसून पोलीस स्टेशनला निघालो. मधेच मी म्हणाले, "अहो, आज सीट जरा रुंद वाटतेय नाही?"

"तू बारीक झाली असशील," हे मागून म्हणाले.

त्यानंतर मी गाडीविषयी कसलीही शंका घेतली नाही.

ठाण्यात पठाण नावाचे हवालदार बसले होते. भारदस्त मिशा, शांत चेहरा. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं.

"बोला ताई. काय गेलंय?"

"पुस्तक."

"चेकबुक का पासबुक?"

"केकबुक," हे म्हणाले. मी ह्यांना कोपर मारलं.

"म्हणजे कुणीतरी गाडीची डिकी उघडून," हवालदार सावकाश बोलायला लागले, "केकचं पुस्तक नेलं. गाडी नेली न्हाई?"

"नाही. गाडी बाहेर उभी आहे. तिच्यावरूनच आलो."

"बरं. पुस्तकाचं वर्णन सांगा."

हा प्रश्न मला विचारायला नको होता. मी सांगत गेले. मुखपृष्ठावर चेरीचा केक, चेरीवर तुपाचा डाग, मागच्या बाजूला कपाचा गोल ठसा, मधली पानं सुटलेली, सफरचंदाच्या पाईपाशी माझ्या हातचं 'आपल्या ओव्हनला दहा मिनिटं जास्त' असं लिहिलेलं, आइस्क्रीमच्या पानावर माझा मुलगा लहानपणी रडला होता त्याचा डाग... सांगता सांगता मी रुमाल काढला. हवालदारांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. ते इतक्या मायेने विचारत होते की जणू कुणी हरवलेलं माणूसच शोधायचं आहे.

"आणि चोराने हे ठेवलंय," असं म्हणून मी पिशवी टेबलावर रिकामी केली.

सुई पाहून हवालदार खुर्चीतून अर्धे उठले. बाटली पाहून पूर्ण उठले. हातमोजा टेबलावरून घसरत जमिनीपर्यंत गेला, तेव्हा ते एक पाऊल मागे सरले.

"ह्याला कुणी हात लावला?"

"आम्ही दोघांनी," हे म्हणाले. "पण आमचे फक्त बोटांचे ठसे असतील. खांद्याचे नाहीत."

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर.

"हॅलो, तुमी केकवाल्या मॅडम का?" पुरुषाचा आवाज, घाईघाईचा.

"हो, पण आज ऑर्डर घेत नाहीये. आमच्याकडे चोरी झालीये."

"मॅडम, तुमचं पुस्तक माझ्याकडं हाय."

मी ह्यांचा हात धरला. फोनवर हात ठेवून कुजबुजले, "चोर!" हवालदारांनी खूण केली, स्पीकर लावा. मी लावला.

"पुस्तक नीट हाय, त्याची काळजी करू नका," आवाज म्हणाला. "पुस्तकात तुमचं कार्ड घावलं म्हणून फोन लावला. पण माझं सामान तुमच्याकडं हाय. ते आधी घेऊन या. लई अर्जंट हाय. न्हाईतर गौरी काय वाचत न्हाई!"

फोनमध्ये मागे कुणीतरी कण्हत होतं. लांब, खोल, काळीज हलवणारं.

हवालदारांनी माझ्या हातातून फोन घेतला. "गौरीला काय केलंय तुमी?"

"आमी काय करनार? सकाळपास्नं पडून हाय, मान टाकलीय. बाई, तिला पानी पाजू नका, ठसका लागंल! हॅलो? ऐका, राळेगनसिद्धीच्या अलीकडं डाव्या हाताला फाटा लागतो..." त्याने गावाचं नाव सांगितलं. (ते मी इथे सांगत नाही, मला तिथे अजून तोंड दाखवायचं असतं.) आणि रेंज गेली.

हवालदारांनी फोन माझ्या हातात परत दिला.

"पोरगी पळवलीय," हवालदार दबक्या आवाजात म्हणाले. "आनि बदल्यात हा माल मागतोय."

"मग माझं पुस्तक?" मी विचारलं.

"ताई, तिकडं पोरीचा जीव चाललाय!"

मला लाज वाटली. मी सगळा माल पिशवीत भरला. मग थोड्या वेळाने हळूच विचारलं, "पण पोरगी सोडवल्यावर पुस्तक बघाल ना?"

पारनेरच्या दिशेने जीप काढली. हवालदार ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघं मागे, मांडीवर तो 'माल'. हे भूगोलाचे शिक्षक असल्यामुळे वाट दाखवायची जबाबदारी ह्यांनी आपणहून घेतली. त्यामुळे आम्ही आधी दुसऱ्याच फाट्याने आत गेलो, एका दगडखाणीत पोचलो आणि परत फिरलो. "इथला खडक बघा, काळा बेसाल्ट," हे म्हणाले. हवालदारांनी मागे वळून ह्यांच्याकडे पाहिलं, आणि पुढचा सगळा प्रवास ह्यांनी मुक्याने केला.

गावात शिरलो. एका घरासमोर गर्दी. जीप थांबायच्या आतच हवालदारांनी खाली उडी मारली.

"कुणी हलायचं न्हाई! गौरी कुठाय?"

गर्दी बाजूला झाली. "ही काय," एक म्हातारी म्हणाली.

गोठ्यात एक मोठी, काळी-पांढरी, धिप्पाड गाय मान पोटाशी वळवून पडली होती. तिने आमच्याकडे पाहून तोच तो लांब, खोल, काळीज हलवणारा आवाज काढला. तिच्याजवळ गुडघ्यावर बसलेला, शर्टच्या बाह्या दुमडलेला माणूस ताडकन उठला.

"आनलं का सामान? द्या द्या, लवकर द्या!" त्याने माझ्या हातून पिशवी अक्षरशः हिसकावली.

हे होते जनावरांचे डॉक्टर शेळके. गौरी आदल्या रात्री व्यायली होती. भरपूर दूध देणाऱ्या गाईचं व्यायल्यावर अंगातलं कॅल्शियम एकदम उतरतं, ती बसते ती उठतच नाही. बाटल्यांत होतं ते कॅल्शियम, आणि खांद्यापर्यंतचे हातमोजे अडलेल्या गाईचं वासरू बाहेर काढायला. ते शिरेतून दिलं तर गाय वाचते, नाही दिलं तर नाही. आणि गावचा मेडिकलवाला लग्नाला गेला होता.

"बाटली उंच धरा कुनीतरी!" डॉक्टर ओरडले. जवळच हवालदार उभे होते. बाटली त्यांच्याच हातात गेली. गुन्हेगार पकडायला आलेले पठाण हवालदार गोठ्यात हात उंच करून उभे राहिले, जणू त्यांनाच कुणी पकडलं होतं. नळीतून औषध थेंब थेंब उतरायला लागलं. सगळं गाव श्वास रोखून गौरीकडे बघत होतं.

मी सोडून. मी माझं पुस्तक शोधत होते.

ते ओट्यावर सापडलं. गौरीची मालकीण, सविता नावाची तरुण बाई, डोळे पुसत बसली होती. तिच्या मांडीवर माझं पुस्तक उघडं. काळजीने जीव थाऱ्यावर नव्हता म्हणून ती सासूला आणि शेजारणींना मोठ्याने वाचून दाखवत होती.

"'लोणी आणि साखर एकत्र करून हलकी होईपर्यंत फेटा...'"

"फेटा?" सासूबाई म्हणाल्या. "कुनाचा?"

"तसा फेटा न्हाई हो, आत्याबाई. घुसळा म्हंत्यात."

"मंग तसं लिवाया काय झालं?"

मी झडप घालणार होते. आयुष्यात पहिल्यांदा माझं पुस्तक परक्या मांडीवर पाहत होते! पण सविताने डोळे वर केले, ते रडून लाल झालेले, आणि म्हणाली, "तुमचं का हे? लई छान हाय हो. हे वाचत बसले म्हनून येवढा येळ धीर तरी धरला."

 मी तिच्याशेजारी बसले. (आणि पान उलटताना तिने थुंकी लावू नये म्हणून हळूच पान मीच उलटायला लागले.)

तेवढ्यात गोठ्यात गलका झाला. गौरीने मोठी ढेकर दिली. कान हलवले. मग मागचे पाय ताठ केले, डगमगली, आणि उभी राहिली! उठल्या उठल्या तिने हवालदारांच्या बुटांवर आपला आनंद मोकळा केला. हवालदार जागचे हलले नाहीत. बाटली अजून संपली नव्हती ना! सविता पळत जाऊन गौरीच्या गळ्यात पडली, सासूबाईंनी हवालदारांना हात जोडले, आणि मीसुद्धा रडले. कशासाठी ते मला नीट सांगता येणार नाही, पण पुस्तक मी छातीशी धरलं होतं.

मग हवालदारांनी बूट धुतले आणि मूळ मुद्द्यावर आले.

"डॉक्टर, ताईंच्या गाडीची डिकी तुमी का उघडली?"

"मी कशाला उघडीन? मी माझी गाडी घेऊन आलो. शेजारच्या दुकानातनं जनावराची औषधं आनून डिकीत टाकली, सुटे पैसे घ्यायला परत आत गेल्तो. बाहेर आलो, गाडी उभी व्हती, चावी लागली, निघालो. आरसा नव्हता, म्हटलं कुनीतरी फोडला. पेट्रोल संपत आलं व्हतं, म्हटलं कुनीतरी काढून नेलं. हितं येऊन डिकी उघडली तर आत केकचं पुस्तक!" डॉक्टर कळवळून म्हणाले. "गाय मान टाकून पडलीय, समदं गाव माझ्याकडं बघतंय, आनि माझ्या हातात बदामाचे साचे! म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, डाक्टर, ही नवी पद्धत हाय का?"

अंगणात एक करडी स्कूटर उभी होती. डाव्या बाजूला आरसा नव्हता. मी ती पाहिली. ह्यांनी पाहिली. हवालदारांनी आम्हा दोघांकडे पाहिलं.

"म्हंजे," ते एकेक शब्द तोलत म्हणाले, "तुमी ज्या गाडीवर बसून चोरीची तक्रार द्यायला आलात..."

"हो," मी म्हणाले.

"...ती आत्ता पोलीस स्टेशनच्या दारात उभी हाय, ती..."

"हो."

"...ती चोरीची हाय."

"अहो, तुम्ही तरी नंबर बघायचा!" मी ह्यांच्यावर घसरले.

"मी मागे बसतो! मला तुझी पाठ दिसते!"

"यांच्या आधी तुमी निघालात," हवालदार म्हणाले. "म्हंजे चोर पयल्या तुमी. डॉक्टर तुमचे बळी. माझ्या नोकरीत पयल्यांदा चोर स्वतःच्या गाडीनं... न्हाई, चोरीच्या गाडीनं स्वतः हजर झालाय." आणि इतका वेळ धरलेलं हसू त्यांच्या मिशांतून असं फुटलं की ते खांबाला धरून उभे राहिले. पाठोपाठ डॉक्टर, सासूबाई, सगळं गाव. माझा नवरा सगळ्यांत मोठ्याने हसत होता, हे मी अजून विसरलेले नाही.

तिथून आम्हाला तसं कोण सोडतंय! गौरीचा चीक होता, त्याचा खरवस करायचा ठरला. सविताने तो पुस्तकात पाहून, वर साखर जाळून, माझ्याच बदामी साच्यांत लावला. सासूबाईंनी सुरुवातीला नाक मुरडलं, "खरवसाला आकार कशाला हवाय, बाई?" आणि मग तीन बदाम संपवले. हवालदारांनी चार. मी एक घास खाल्ला आणि डोळे मिटले. इतकी वर्षं मी पुडिंगमध्ये जे शोधत होते, ते त्या गोठ्याशेजारी स्टीलच्या ताटलीत हलत होतं.

निघताना सविता हळूच म्हणाली, "ताई, ह्याची झेराक्स काढू का? उद्या परत आनून देते."

मी तोंड उघडलं. मशीनच्या उजेडाचं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण सगळं गाव बघत होतं आणि मी रेकॉर्डवरची चोर होते. शेवटी मी तिथेच ओट्यावर बसले आणि तिने एकेक पान करून अख्ख्या पुस्तकाचे मोबाईलवर फोटो काढले. मी पानं धरत होते, हे उजेड सांभाळत होते, हवालदार "पुढचं," "पुढचं" म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी साखरपुड्याचा केक वेळेवर गेला. पण वंदनाताईंना ही बातमी लागलीच. "पारनेरच्या गाईला पुस्तक मिळतं, सख्ख्या नणंदेला नाही!" असा निरोप आला. आता त्या चिवडासुद्धा खात नाहीत.

डॉक्टर शेळक्यांचा मात्र अधूनमधून फोन येतो. गौरीला त्या वेळी कालवड झाली होती. तिचं बारसं सविताने केलं, माझं नाव ठेवून. मीनाक्षी. मी खूप भारावले होते. परवा फोन आला तेव्हा मी मोठ्या कौतुकाने विचारलं, "कशी आहे आमची मीनाक्षी?"

"लई गुनी हाय, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "गोड काय दिसलं की सोडत न्हाई. फक्त एकच खोड हाय. संध्याकाळी चरून आली की बिनधास्त दुसऱ्याच्याच गोठ्यात शिरते, आनि आपलंच घर असल्यागत ऐटीत उभी राहते."